माझी मर्जी कुठवर?

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या अखेरच्या दिवशी चावडीपुढे दिलेले भाषण)



आज आपल्या वर्गाचा शेवटचा दिवस. सहा महिन्यांपूर्वी इथे पाटी धरताना काहींचे हात कापत होते. त्याच हातांनी आज फळ्यावर आपापले नाव लिहिले. पाहून बरे वाटले. आज मी नवा धडा शिकवणार नाही. एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे, तेवढे देणार आहे.

गेल्या पंधरवड्यात आपण राज्यघटनेवरचा धडा वाचला. त्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द आला. जोडाक्षरांचा अवघड शब्द. तो नीट लिहायला आपल्याला दोन दिवस लागले. लिहून झाल्यावर मागच्या ओळीतून एका शेतकरी भावाने विचारले,

"गुरुजी, स्वातंत्र्य मिळालं म्हणता. मग मी माझ्या रानात बोअर मारायला निघालो, तर ग्रामपंचायत आडवी का येते? रान माझं. पैसा माझा. पाणी माझ्या रानाखालचं. मग मर्जी कुणाची?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न खरा होता. या भावाची डाळिंबाची बाग वाळते आहे. डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे. असा माणूस गमतीने विचारत नसतो. मी म्हणालो, "याचं उत्तर एका वाक्यात होणार नाही. शेवटच्या दिवशी सांगेन."

तर आज ऐका. पटले नाही तर उठून विचारा. तेही आपले स्वातंत्र्यच आहे.

कोंडवाड्याचा न्याय

आधी एक साधी गोष्ट घेऊ. तुमची म्हैस तुमच्या दावणीला आहे. तिला कडबा घाला, पेंड घाला, कुणी विचारणार नाही. ती तुमच्याच रानात मोकळी सोडा, तरी कुणी विचारणार नाही. पण तीच म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली, तर तिची रवानगी कोंडवाड्यात होते. दंड भरल्यावाचून ती सुटत नाही. कोंडवाड्याचा कायदा १८७१ साली झाला. तेव्हापासून "म्हैस माझी, ती कुठंही चरेल" असे कुणाला म्हणता आलेले नाही.

म्हशीला जो न्याय, तोच माणसाच्या मर्जीला. आपली मर्जी आपल्या बांधापर्यंत. बांधापलीकडे दुसऱ्याचे पीक उभे असते.

'स्वातंत्र्य' हा शब्द फोडून पाहा. स्व आणि तंत्र. स्व म्हणजे आपण. तंत्र म्हणजे व्यवस्था, शिस्त. जो आपल्या शिस्तीने आपण चालतो, तो स्वतंत्र. ज्याला शिस्तच नाही, त्याला आपण मोकाट म्हणतो.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. तिच्या एकोणिसाव्या कलमात आपली स्वातंत्र्ये लिहिली आहेत. मनातले बोलावे. हत्यार न घेता, शांतपणे एकत्र जमावे. संस्था काढावी. देशात कुठेही फिरावे, कुठेही राहावे. कोणताही धंदा करावा. त्याच कलमात पुढे त्यांच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. सरकार कायदा करून या स्वातंत्र्यांवर बंधन घालू शकते. मात्र ते बंधन वाजवी असले पाहिजे. 'वाजवी' हा शब्द ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

शेताचा बांध डोळ्यांना दिसतो. मर्जीचा बांध दिसत नाही. म्हणून भांडणे होतात.

माझं रान, माझं पाणी

आता बोअरचे पाहू. हा भाऊ म्हणतो, पाणी माझ्या रानाखालचे. त्याचे म्हणणे अगदी पोकळ नाही. इंग्रजांच्या काळात, १८८२ साली, वहिवाटीच्या हक्कांचा एक कायदा झाला. त्यात असेच धरले होते, की आपल्या जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकाने घ्यावे.

पण तो काळ कसला होता? विहीर हाताने खणायची. पाणी मोटेने ओढायचे. बैल ओढतील तेवढेच पाणी निघायचे. बैल दमले की विहिरीलाही विसावा मिळायचा. रात्रीतून पाणी पुन्हा वर यायचे. त्या काळात एका माणसाची हाव फार लांब पोचत नव्हती.

आज बोअरचे यंत्र एका रात्रीत शेकडो फूट खाली जाते. पंप दमत नाही. वीज आली की तो ओढू लागतो, मग ती मध्यरात्री का येईना. माणसाचा हात लांब झाला. तो शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचला.

हे कसे घडते, ते समजून घ्या. आपल्याकडे जमिनीखाली काळा खडक आहे. पावसाचे पाणी मुरते ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्या भेगा कुणाचा गट नंबर पाहून संपत नाहीत. एकाने खालून जोराने ओढले, की भेगेच्या दुसऱ्या टोकाची विहीर आटते. वर बांध आहे, खाली बांध नाही. मग रानाखालचे पाणी एकट्याचे कसे म्हणावे?

म्हणून कायदा बदलावा लागला. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असेल, तर तिच्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येणार नाही, असे त्यात ठरले. पुढे २००९ साली आणखी मोठा कायदा केला, तो २०१४ पासून लागू झाला. दोन्हींमागे विचार एकच. आधी माणसाची तहान, मग पीक.

भाऊ, तुझे रान गावच्या विहिरीपासून तीनशे पावलांवर आहे. त्या विहिरीवर सगळ्या गावाचे हंडे भरतात. ग्रामपंचायत आडवी येते ती म्हणून.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. गावाने एकाला अडवले, आणि गाव घरी जाऊन स्वस्थ झोपले, तर तो न्याय नव्हे. ज्याला सगळ्यांसाठी थांबवले, त्याचा भार सगळ्यांनी उचलला पाहिजे. शेततळ्याची योजना आली, तर पहिले नाव त्याचे असावे. ठिबकच्या कागदांसाठी सरपंचाने त्याच्याबरोबर तालुक्याला जावे. ओढ्यावर बंधारा घालायचा, तर त्याच्या रानाला ओलावा पोचेल असा घालावा. मर्यादा घालणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. गाव ती विसरते, आणि मग माणूस रात्रीतून चोरून बोअर मारतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. एके काळी ते फार दुष्काळी होते. माणसे गाव सोडून जात होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पाणी मुरू लागले. पण हिवरे बाजारने आणखी एक काम केले, ते जास्त अवघड होते. गावाने ठरवले, की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. उसासारखे, केळीसारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा. माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल ते आधी बाजूला काढायचे. उरलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे ते बसून ठरवायचे.

हे बंधन वरून सरकारने लादले नव्हते. ते गावाने आपणच आपल्याला घालून घेतले. विहिरींना पाणी राहू लागले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण ऐकतो. हिवरे बाजारने ती करून दाखवली.

माझी लेक

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या घरची आहे. सांगताना अजून जड जाते, पण सांगतो.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी दहा वर्षांचा होतो. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. माझी थोरली बहीण तेरा वर्षांची होती. शाळेत हुशार होती. मला पाढे तिनेच शिकवले. त्या साली एक स्थळ आले. मुलाकडे दोन विहिरी होत्या. शाळेतले मास्तर घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोर लहान आहे. कायदा पंधरा वर्षांचा आहे. दोन वर्षं थांबा."

वडील म्हणाले, "मास्तर, लेक माझी आहे. तिचं बरंवाईट मला कळतं. कायदा काय तिला भाकर घालणार आहे?"

मास्तरांना उत्तर सुचले नाही. लग्न झाले. माझी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

माझे वडील वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो. ते उपाशी राहून आम्हाला जेवू घालत. त्यांनी जे केले ते मायेनेच केले. पण लेकीला काय हवे, हे त्यांनी तिला विचारले नाही. विचारले असते, तरी तेरा वर्षांचे पोर बापाला काय सांगणार? तिची पाटी त्यांनी घरातल्या फळीवर ठेवली होती. ती कुणाला हलवू दिली नाही. पुढे कितीतरी वर्षे ती पाटी तिथेच होती.

मंडळी, लेक म्हणजे काही आपले रान नव्हे. रानाचे आपण मालक असतो. लेकीचे आपण राखणदार असतो. राखणदाराने राखायचे, आणि वेळ आली की जिचे आहे तिच्या हाती द्यायचे. तिचे आयुष्य तिचे आहे. ती सज्ञान होईपर्यंत ते आपल्याकडे ठेव म्हणून असते.

कायदा याच विचाराने हळूहळू पुढे आला. १९२९ साली शारदा कायदा झाला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय कमीत कमी १४ ठरवले, मुलाचे १८. १९४९ साली मुलीचे १५ झाले. १९७८ साली मुलीचे १८ आणि मुलाचे २१ झाले. २००६ साली नवा, कडक कायदा आला. लहान मुलीशी लग्न करणारा सज्ञान नवरा, लग्न ठरवणारे, लग्न लावणारे, या साऱ्यांना शिक्षा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला किंवा मुलाला ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येते. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तशी मागणी करता येते.

असे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याला सांगा. अंगणवाडीच्या ताईला सांगा. १०९८ या नंबरावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. "दुसऱ्याच्या घरचा मामला" म्हणून गप्प बसू नका. माझ्या बहिणीच्या लग्नाला सगळा गाव जेवून गेला. सगळ्यांना तिचे वय ठाऊक होते.

आमचं तळं, आमचे पंच

एकट्याची मर्जी जशी बांधाबाहेर जाते, तशी दहाजणांची मर्जीही जाते. तेव्हा ती जास्त माजते, कारण तिला वाटते, आपण पुष्कळजण आहोत म्हणजे आपले बरोबरच आहे.

रायगड जिल्ह्यात महाड आहे. पूर्वी त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. महाडात चवदार तळे आहे. तिथे गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घेता येत नसे. १९२३ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर खुले झाले. प्रत्यक्षात कुणी जवळ जाऊ देईना.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग काही जण कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? "हे तळं खाजगी आहे. कुणाला पाणी द्यायचं, ही आमची मर्जी."

पाहा, हाच तो शब्द. मर्जी.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले. पण कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. बाबासाहेबांनी लोकांना थांबवले. ते तळ्यावर गेले नाहीत, कोर्टात लढले. एक ना दोन, दहा वर्षे लढले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळे खाजगी असल्याचा दावा टिकला नाही. पाण्यावरचा हक्क मान्य झाला. पुढे घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नाहीशी केली. ती पाळणे हा गुन्हा ठरला.

जातीच्या पंचांचेही तसेच आहे. कुणी जातीबाहेर लग्न केले, कुणी पंचांचा दंड भरला नाही, की त्याला वाळीत टाकायचे. त्याच्या घरी कुणी जायचे नाही. दुकानदाराने मीठ द्यायचे नाही. मयत झाले तर खांदा द्यायचा नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ साली कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मागे एका गावात एका मावशीने मला विचारले, "गुरुजी, माझ्या घरी जेवायला कुणाला बोलवावं, हेपण आता सरकार सांगणार का?"

नाही, मावशी. तुमच्या चुलीपाशी सरकार येणार नाही. तुम्हाला एखाद्याशी बोलावेसे वाटले नाही, तर बोलू नका. ती तुमची मर्जी. पण दहाजणांनी बसून हुकूम काढला, की याच्याशी कुणीच बोलायचे नाही, आणि जो बोलेल त्यालाही दंड, तर ती मर्जी राहिली नाही. तो जुलूम झाला. त्यात वाळीत पडलेल्याचे स्वातंत्र्य जाते. ज्याला बोलायचे होते, त्याचेही जाते.

कायद्यालाही बांध असतो

तुम्ही म्हणाल, गुरुजी कायद्याचीच बाजू घेतात. तसे नाही. "हम करेसो कायदा" हे जसे एका माणसाचे चालत नाही, तसे सरकारचेही चालत नाही. मघाशी 'वाजवी' हा शब्द ध्यानात ठेवायला सांगितला होता. बंधन वाजवी आहे की नाही, हे कोर्ट पाहते. वाजवी नसले तर कोर्ट ते रद्द करते. पोलिसांनी कुणाला धरले, तर का धरले ते त्याला सांगावे लागते. चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. प्रवासाचा वेळ तेवढा सोडायचा. हे घटनेत लिहिले आहे.

मुलगा एकवीस वर्षांचा झाला, मुलगी अठराची झाली, आणि दोघांनी राजीखुशीने लग्न करायचे ठरवले, तर ती त्यांची मर्जी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात पडायचा जातीच्या पंचायतीला काही अधिकार नाही. आईबापाने समजावावे. रागवावे. नाही पटले तर लग्नाला जाऊ नये. पण कोंडून ठेवायचे नाही, हात उगारायचा नाही. तेरा वर्षांच्या मुलीसाठी कायदा बापाला थांबवतो. मुलगी सज्ञान झाली, की तोच कायदा बापाला बाजूला व्हायला सांगतो. दोन्ही वेळा तो लेकीच्या आयुष्याचा बांध राखतो.

कायदा नेहमी शहाणाच असतो, असेही नाही. मुंबईत रखमाबाई नावाची मुलगी होती. अकराव्या वर्षी तिचे लग्न लावले. ती माहेरीच वाढली, शिकली. पुढे नवऱ्याने तिला नांदायला नेण्यासाठी १८८४ साली दावा लावला. रखमाबाई म्हणाली, "हे लग्न मला विचारून झालेलं नाही. मी जाणार नाही." पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पण पुढे १८८७ साली कोर्टाने हुकूम केला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईने सांगितले, मी तुरुंगात जाईन.

तिने हुकूम चुकवण्यासाठी पळ काढला नाही. खोटे बोलली नाही. शिक्षा सोसायला तयार राहिली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला गेली, डॉक्टर झाली, आणि सुरतेला व राजकोटला तिने वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. त्या दिवशी कायदा तिच्याविरुद्ध होता. आज कायदा तिच्याच बाजूचा झाला आहे. अशा माणसांमुळेच तो बदलतो.

जिथे कायदा पोचत नाही

आता शेवटचा मुद्दा.

म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी सांभाळावे, यासाठी २००७ साली कायदा झाला. मुलगा सांभाळत नसेल, तर आई अर्ज करू शकते. दरमहा अमुक रुपये दे, असा हुकूम मुलाला होतो. चांगला कायदा आहे. पण कायदा पैसे द्यायला लावील. तिच्याजवळ बसून "आई, जेवलीस का?" असे विचारायला लावणार नाही. ते काम कायद्याचे नव्हे. ते ज्याचे त्याने करायचे.

पुष्कळ गोष्टी अशा आहेत. कायद्याने गुन्हा नाही, तरी त्या करू नयेत. अडलेल्याची शेळी निम्म्या भावात घेणे गुन्हा नाही. मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला न बोलावणे गुन्हा नाही. कुणी पकडणार नाही, कुणी दंड करणार नाही. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर मन खाते. मन खाते तेव्हा समजावे, की आपण बांध ओलांडला.

मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. काही करायच्या आधी ते मनाशी विचारतो. तुम्हालाही सांगतो.

पहिला प्रश्न. माझ्या मर्जीचा भार कुणावर पडतो? माझ्यावरच पडत असेल, तर मी करीन आणि भोगीन.

दुसरा प्रश्न. ज्याच्यावर भार पडतो, त्याला मी विचारले का? आणि त्याला 'नाही' म्हणता येते का? माझ्या बहिणीला म्हणता आले नाही.

तिसरा प्रश्न. सगळ्यांनीच असे केले, तर गावाचे काय होईल? एका बोअरने कदाचित काही होणार नाही. पन्नास बोअर झाल्या तर गावची विहीर कोरडी पडेल.

या तीन प्रश्नांनी दरवेळी उत्तर मिळेलच असे नाही. पण घाईने पाऊल पडत नाही.

अंगठा आणि सही

मंडळी, सहा महिन्यांपूर्वी तुमच्यातले पुष्कळजण अंगठा लावत होते. वर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याने सांगायचे आणि आपण खाली अंगठा उठवायचा. तो अंगठा आपला होता, पण मर्जी दुसऱ्याची होती. आता तुम्ही सही करता. सही म्हणजे, मी वाचले, मला समजले, आणि ही माझी मर्जी आहे. म्हणून आधी वाचा, मग सही करा. कुणी धमकावून सही घेत असेल, तर १८७२ सालचा करारांचा कायदा तुमच्या पाठीशी आहे. धाकाने दिलेली संमती खरी संमती मानली जात नाही.

आणि जिथे आपली सही दुसऱ्याच्या आयुष्यावर पडते, तिथे दोनदा वाचा.

येत्या ग्रामसभेत बोअरचा विषय आहे. आपण सगळ्यांनी जायचे, बायांनीही जायचे, कारण हंडे त्या वाहतात. भाऊ, तूही ये. तुझ्या बागेचे, तुझ्या कर्जाचे सगळे उभे राहून सांग. गावाने तुला थांबवायचे असेल, तर तुझ्या बागेचे काय, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. तसे ठरत नसेल, तर मी तुझ्या बाजूने बोलेन. आणि तसे ठरले, तर तू बोअरचा हट्ट सोडशील, असा मला भरवसा आहे. ठरेल ते वहीत लिहिले जाईल. त्या दिवशी ते तुला स्वतः वाचता येईल. मग सही कर.

एक सांगायचे राहिले. पाट्या जमा करू नका. त्या घरी न्या. घरात लहान मुलगी असेल तर तिच्या हातात द्या. ती फळीवर ठेवू नका.

नमस्कार.